वीस वर्षं, असं लिहिलेलं

नेव्हिलच्या पोरीनं पोर्तुगालहून आणलेली बाटली,
वर लिहिलेलं: वीस वर्षं.
मी लकडगंजात एकेचाळीस वर्षं सागवान मोजलं,
लाकडातली वर्षं मला कोणी शिकवू नयेत,
असं म्हणत मी ती ट्यूबलाइटसमोर धरली.

लाल नव्हती.
रंग सागाच्या फळीचा, ताज्या कापाचा नव्हे,
दोन उन्हाळे अंगणात पडून राहिल्यावरचा.
काठावर तर जुन्या पितळेसारखी पिवळी.
"आधी लालच असते," नेव्हिल म्हणाला,
"पिंपात बसते. फटींतून हवा आत येते,
थोडी थोडी ती बाहेर जाते. लाली पहिली जाते."
मी म्हटलं, माणसाचंही...
आणि थांबलो. त्याला असली वाक्यं आवडत नाहीत.
छत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होता तो,
शेवटच्या डब्यातून
मागे जाणारं सगळं पाहिलेला.

खोलीपेक्षा थोडी गार द्यावी, असं पोरीनं सांगितलेलं.
कोणाच्या खोलीपेक्षा?
मोहननगर, मे महिना, बाहेर पंचेचाळीस,
कूलरची टाकी दुपारीच कोरडी.
फार वेळ फ्रिजात ठेवली की मुकी होते म्हणे.
मग मी तिला ओला पंचा गुंडाळला,
माठाशेजारी, खिडकीच्या झोतात उभी केली,
डेपोत आम्ही छागल टांगायचो तशी.
तासाभरानं गालाला लावून पाहिली. जमली होती.

पेले लहान, त्याच्या बायकोचे, तेही अर्धेच भरायचे.
पहिल्या गुरुवारी चूक माझी:
येताना सावजीचं मटण घेऊन गेलो.
तर्रीपुढे तिनं तोंडच उघडलं नाही.
"काहून बे," नेव्हिल म्हणाला, "पाहुणी आहे ती."

पुढच्या गुरुवारी अक्रोड, तव्यावर जरा शेकलेले.
मग ती बोलली.
सुकं अंजीर, संत्र्याची वाळकी साल,
आणि कुठूनतरी आमच्या आरागिरणीचा भुसा,
पाऊस पडण्याआधीचा, कोरडा, गोडसर.
संत्रा बर्फी चालली, पण एकच तुकडा.
गूळ-शेंगदाण्यावरून आम्ही भांडलो, अजून मिटलेलं नाही.
त्यानं केलेल्या कॅरॅमल कस्टर्डशी मात्र
ती अशी भेटली
की जळकी साखर दोघींच्या माहेरची निघाली.

मग फोनवर लॉरेन म्हणाली, वीस म्हणजे वीस नव्हे, अंकल.
कुठली बारा, कुठली चाळीस, सगळी मिसळतात,
चव विशीची लागली पाहिजे, बस.
मी चिडलो.
आमच्याकडे ओंडक्यावर हातोड्याचा छाप असायचा,
डेपो, साल, नंबर.
असं सरासरीचं लाकूड गार्डानं नाक्यावरच अडवलं असतं.
"कोणत्या गार्डानं?" नेव्हिलनं विचारलं,
आणि मला पेला दिला.

उघडली तरी महिनाभर बिघडत नाही,
म्हणून दर गुरुवारी तो लेबलवर पेन्सिलीनं रेघ मारतो,
शेजारी तारीख, वेळ, गाडीच्या नोंदीसारखी.
काल पाहिलं,
पातळी रेघेच्या दोन बोटं खाली.

पिंप नव्हे, काच आहे. काचेतून काही उडत नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी कूलरकडे.
मंगळवारी बावीस तारीख होती.
हे पेले तिनं सदरच्या बाजारातून
घासाघीस करून घेतले होते, सहाचे पाच निघाले घरी येईतो.

मी म्हटलं, उन्हाळा फार आहे यंदा,
काहीही उडतं.
त्यानं नवी रेघ मारली,
जिथे होती तिथेच.