घंटेची जीभ

सांगलीत हल्ली प्रश्नमंजूषांचं पेव फुटलंय,
असं गुळवणी सर उद्घाटनात म्हणाले
आणि सभागृह हसलं.
मला हसता आलं नाही, दातांत पेन्सिल होती.

एकोणीस वर्षं मी इथे घंटा वाजवतो.
चषकाचं नाव बदलतं, प्रायोजक बदलतात,
टेबलावरचा हिरवा कपडा तोच,
कोपऱ्यात कुणाच्या तरी शाईचा डाग.
दहा सेकंद. टण्.
ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. टण्.
मंगोलियाची राजधानी? उलानबातर.
मिरजेच्या पोराने असं फेकलं
जणू काल तिथूनच वडापने आलाय.
पोटॅशियमची खूण? के.
पण के का, हे कुणी विचारत नाही.
'का' कार्डावर छापत नाहीत,
दहा सेकंदांत मावत नाही तो.

तिसरी फेरी. संघ ड, हरिपूर.
जोडीदारीण गोवराने झोपलेली, म्हणून
तेजल फाकडे एकटीच दोन खुर्च्यांच्या मधोमध,
धड या खुर्चीवर नाही, धड त्या नाही.

'धान्य किंवा शेतमाल
जमिनीखाली साठवण्याच्या जागेला काय म्हणतात?'

'पेव,' ती म्हणाली.
दुसऱ्याच सेकंदाला.

सरांनी कार्ड उलटलं.
चष्मा वर केला, खाली केला.
'कोठार,' ते म्हणाले. 'उत्तर चूक. प्रश्न पुढे.'
आणि पुढच्या संघाने, अर्थातच, आत्ताच ऐकलेलं
कोठार परत दिलं. पाच गुण. टाळ्या.
(सकाळचं वाक्य सर विसरले असावेत.
म्हण तोंडात असते, खड्डा पायाखाली.)

'सर, कोठार जमिनीवर असतं,' तेजल म्हणाली.
नियम क्रमांक सात : निर्णयानंतर बोलू नये.
माझा हात घंटेकडे गेला.

'पेवाचं तोंड लहान असतं, माणूस जेमतेम जाईल एवढं,
आत रांजणासारखं पोट.
आमचे थोरले आजोबा उतरायचे हळद काढायला.
झाकण काढल्यावर लगेच नाही उतरायचं.
आधी दोराला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर खाली हवा नाही.'

बोट माझं मीच घातलं,
घंटेच्या आत, जिभेखाली.
गार होती. पितळेचा वास.
एकोणीस वर्षांत तिला आतून कधी शिवलो नव्हतो.

'महापुराच्या साली पाणी शिरलं, कितीतरी खचली.
आता सगळे कोल्ड स्टोरेजलाच टाकतात.
आमच्या दारातल्यात बाबांनी मुरूम भरलाय,
वर गाडी लावतात.'

सभागृहात पंखा ऐकू येत होता.
मागच्या रांगेत एक म्हातारा,
बहुतेक नातवाला घेऊन आलेला,
दोन्ही हातांनी हवेत गोल तोंड करून
शेजाऱ्याला दाखवत होता : एवढं, एवढंच.

सर म्हणाले, 'बाळ, माहिती छान.
पण आपल्याला कार्डाप्रमाणे जावं लागतं.'
त्यांचाही इलाज नव्हता. कार्डं पुण्याहून आली होती,
सीलबंद, अडीचशेचा संच.

हरिपूर चौथं आलं. चारच संघ होते.
वडे संपल्यावर कपडा घडी करताना
मी तिला विचारलं,
कार्डावर नसलेलं, गुण नसलेलं :
कंदील विझला तर मग काय करायचे?

ती प्रमाणपत्राची गुंडाळी डोळ्याला लावून
माझ्याकडे बघत होती.
'वर ओढायचा. थांबायचं.
पुन्हा पेटवून पुन्हा सोडायचा.'
'किती वेळ?'
'जळेपर्यंत,' ती म्हणाली,
आणि बसला पळाली.

खिशात काहीतरी टिकटिकत होतं.
पेवाच्या प्रश्नाला चालू केलेलं घड्याळ
बंद करायचं राहून गेलं होतं.