वीस मिनिटांचं कुलूप

आमच्यात डोकं एकट्या एलादियोला,
आणि तेही त्याने मोज्यात घातलेलं.
बायकोचा मोजा, तपकिरी, गुडघ्यापाशी रफू केलेला;
रफू नेमकं डाव्या डोळ्यावर आलं,
म्हणून बँकेत शिरताना तो दारावर आपटला
आणि "माफ करा" म्हणाला,
काचेला.

मी बाहेर, गाडीत.
गाडी मामाची. मामाचा धंदा प्रेतं पोचवण्याचा.
दुसरी गाडी आणणार कुठून?
सार्डिनचा कारखाना बंद पडून तिसरं वर्ष,
पोर्तोमेन्दोत धावणारं असं
समुद्रावरचा वारा आणि ही शववाहिका
एवढंच उरलेलं.

आत शुर्शो ओरडला, "हात वर!"
खिडकीमागची साबेला म्हणाली,
"हळू बोल. आणि आईची दाढ कशी आहे आता?"
"बरी आहे."
मग त्याला आठवलं, आपण अनोळखी आहोत.

तिजोरीवर पाटी: उघडायला वीस मिनिटं लागतात.
यंत्राला घाई कळत नाही, बंदूक तर नाहीच नाही.
बसले मग. दरोडेखोर दोन, ओलीस पाच, बाक एक.
म्हातारी रेमेदिओस म्हणाली, माझा नंबर आधी होता,
आणि पेन्शनचं पुस्तक पुढे केलं.
एलादियोने मोज्याआडून व्याज तपासलं.
सतरा पेसेता कमी.
"ही तर लूट आहे!" तो कडाडला,
आणि कुणीही हसलं नाही,
हे मला पुढे खटल्यात कळलं.

अठराव्या मिनिटाला शुर्शोला शिंक आली.
आजोबांची बंदूक, युद्ध संपल्यापासून गप्प,
तिला तेवढंच निमित्त हवं होतं.
उजव्या पायाचा अंगठा गेला.
साबेलाने नोटांची पुडकी बांधायच्या पट्ट्या
त्याच्या पायाला बांधल्या, गाठीवर गाठ,
आणि सवयीने वर शिक्का मारला.

विसाव्या मिनिटाला तिजोरी उघडली.
त्या दिवशी शब्दाला जागलेली ती एकटीच.

"पळव!" एलादियो गाडीत कोसळत ओरडला.
म्हटलं, पळवतो, पण मागे कुणीतरी आहे.
मामाने अकराची अंत्ययात्रा सांगितली होती,
मला वाटलं, उद्याची.

मागे सेन्योर अमान्सियो. याच बँकेचा जुना मॅनेजर.
होडीसाठी एलादियोला कर्ज नाकारलेलं,
तीनदा, तिन्ही वेळा उभं ठेवून.
पोलीस कोपऱ्यावर आलेले. जागा एकच होती.
झाकण उचललं, पिशवी त्याच्या छातीवर ठेवली,
त्याचे हात वरून दुमडले.
इतकं समाधान त्याच्या चेहऱ्यावर
जिवंतपणी कुणी पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी टोप्या काढल्या.
मग एक सियाट मागे लागली, मग दुसरी, मग अख्खं गाव.
दुसऱ्या गियरच्या वर जायची सोय उरली नाही.
मी आडवाटेला वळू लागलो की लोक हात दाखवत,
चर्च इकडे, पोरा.

खांद्याला दोघे कमी पडले. तेही आम्हीच.
शुर्शो लंगडत होता, पायापासून रडत होता,
बायका कुजबुजल्या, सख्ख्या मुलाने सुद्धा
इतकं लावून घेतलं नाही.
"जाताना कुणी काही घेऊन जात नाही,"
फादर म्हणाले,
आणि एलादियोला हुंदका आवरेना.
गवंड्याने कोनाडा विटांनी बुजवला,
वर सिमेंट थापलं. हात चांगला होता त्याचा, दुर्दैवाने.

रक्ताच्या ठशांमागून पोलीस संध्याकाळी आले.
कोनाडा फोडायला विधवेची सही लागते.
ती नाही म्हणाली. तीनदा.
"जन्मभर त्याने ठेवी सांभाळल्या,
आताच तुम्हाला संशय का?"

मी सुटलो मागच्या वर्षी. शुर्शो बोटीवर आचारी आहे,
तोल जातो, पण समुद्रावर सगळ्यांचाच जातो.
एलादियोला अजून चार वर्षं.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी रेमेदिओस बस पकडून जाते,
भेटीच्या खिडकीवर पुस्तक उघडं धरते.
तो पलीकडून कपाळ काचेला टेकवून
ओळ न् ओळ वाचतो.