बर्फ किती आहे

डेटलेफ्सेन दर ऑक्टोबरात फोन करतात,
फ्लेन्सबुर्गहून, रात्रीचं जेवण झाल्यावर.
आधी माझ्या गुडघ्याची चौकशी,
मग बायकोचा खोकला, मुलीची परीक्षा,
आणि मग आवाज जरा खाली आणून,
उसने पैसे मागावेत तसं:
"फ्राऊ नोटबुर्गा, यंदा बर्फ कसा राहील?"

मी काय हवामान खातं?
माझ्याकडे एक काठी आहे,
रोमेडने गोठ्यामागे रोवलेली,
दर दहा सेंटिमीटरला एक लाल पट्टा.
सगळ्यात वरच्या पट्ट्याशी त्याने कोरलंय:
फेब्रुवारी नव्व्याण्णव.
तेव्हा आम्ही खिडकीतून बाहेर पडायचो.
आता त्या काठीला मांजर पाठ घासतं.

त्यांना आठवडा ठरवायचा असतो.
नाताळ महाग, आणि खाली खडे लागतात.
फेब्रुवारीत सगळ्यांच्या शाळांना एकदम सुटी,
तासभर लिफ्टच्या रांगेत, तीन मिनिटं उतारावर.
मार्च बरा म्हणावा, तर आमच्याकडे
सकाळी नऊला लोखंड, अकराला लापशी,
आणि दक्षिणेचा गरम वारा सुटला
की एका रात्रीत सगळं चाटूनपुसून साफ.
बर्फाच्या तोफा आहेत, हो, गावाने कर्ज काढून आणलेल्या.
पण तोफेलाही थंडी लागते.
पावसात ती नुसतीच भिजत उभी,
वरात निघून गेल्यावर राहिलेल्या वाजंत्र्यासारखी.

"मागच्या जानेवारीत," ते म्हणाले,
"तुमच्या गावच्या कॅमेऱ्यात हिरवं दिसत होतं."
"कॅमेरा उन्हाच्या बाजूला लावलाय," मी म्हणाले,
आणि माझी मलाच लाज वाटली.

सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा दोनच तुकडे होते.
खालचं कुरण: काळी माती, गुडघाभर गवत, शेजारी ओढा.
वरचं, दोन हजार शंभर मीटरवर: दगड.
शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल असे.
रोमेड थोरला. आम्ही खालचं मागून घेतलं.
आणि मी जावेला, क्रेसेन्झला,
सगळ्यांसमोर, हसत म्हणाले होते,
"दगड उकडून खा आता."
ती हसली नाही. भांडी पुसली,
फडक्याची नीट घडी घातली,
आणि पुढचे बावीस नाताळ आम्ही चर्चमध्ये
एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो.

त्या दगडांवर आता नोव्हेंबर ते मे
बर्फ हलत नाही. उतार उत्तरेचा, ऊन जेमतेम शिवून जातं.
तिच्या हॉटेलाला चौतीस खोल्या आहेत.

डेटलेफ्सेन थांबलेत. त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.
एकोणीस वर्षं हा माणूस माझ्याकडे येतो.
त्याची मुलगी माझ्या अंगणात स्कीवर उभी राहायला शिकली,
नाकाला शेंबूड, हातात माझ्या सुपाचा डाव.
आता ती दातांची डॉक्टर होतेय.

"लिहून घ्या," मी म्हणाले. "हिंटरकार.
जानेवारीचा तिसरा आठवडा. गर्दी नसते, थंडी कोरडी असते.
सकाळी पूर्वेचा उतार घ्या, दुपारी सावलीतला.
खोली मागच्या बाजूची मागा,
पुढच्या खोल्यांखाली पहाटे चारला यंत्रं सुरू होतात."
हे मला कसं ठाऊक, ते त्यांनी विचारलं नाही.
नंबर शोधावा लागला नाही. पाठ होता.

जानेवारीत, एका मंगळवारी, फोन वाजला.
हॅलो नाही, नाव नाही.
"पोचले तुझे पाहुणे. मागची खोली दिलीय."
मग बराच वेळ काहीच नाही,
लांब कुठेतरी भांड्यांचा आवाज.
"तुझ्याकडे किती आहे?"
मी खिडकीतून पाहिलं. मांजर, काठी.
"अडीच पट्टे. वरचा थर ओला."
"हं," क्रेसेन्झ म्हणाली.
आणि जरा थांबून,
"दगड पाठवू का दोन-चार, उकडायला?"

मीठ आहे घरात, मी म्हणाले.