चौथा पंखा

तलावावर पत्र्याचं छप्पर, छपराखाली चार पंखे,
आतली हवा बाहेर फेकणारे.
तीन फिरत होते.
चौथ्यात पारव्यानं घरटं केलेलं.

फॉर्म खिशात तसाच ठेवून मी विचारलं,
"हा कधी चालू होणार, सर?"
"पिल्लं उडाली की," हविनाळे सर म्हणाले.
मास्क हनुवटीवर, शिट्टी ओठांत.
मास्क लावून शिट्टी वाजवता येत नाही
हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

पोरीचं नाव स्रवंती.
नावात नदी, पण बादलीपलीकडचं पाणी तिला ठाऊक नाही.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला, खोकत खोकत.

माझा चुलता मल्लेशम कुंभारीच्या खाणीत बुडाला.
एकोणीस वर्षांचा होता.
काठावर कपड्यांची नीट घडी,
घडीवर घड्याळ.
ते चालू होतं म्हणतात.
तेव्हापासून घरात पोहण्याचं नाव कुणी काढत नाही.
म्हणूनच मी ठरवलेलं,
ही शिकणार. आठवं लागलं की शिकणार.

आठवं लागलं तेव्हा शहराला कुलूप होतं.

आता कुलूप निघालंय, रोग गेलेला नाही.
विजया म्हणते, "पुढच्या वर्षी शिकेल की,
पाणी काय पळून जातंय?"
मी म्हणालो, सोलापुरात पळूनच जातं.
ती हसली नाही.
तिच्या वडलांच्या बोटाला लावलेला तो चिमटा
तिच्या डोळ्यांपुढून अजून हललेला नाही.
एक्क्याण्णव. मग अठ्ठ्याऐंशी.
मग नर्सनं आकडा आमच्याकडून फिरवून घेतला.

मी टॉवेलच्या कारखान्यात, ब्लीचिंगला.
वीस वर्षं नाकानं क्लोरीन मोजतोय.
तलावाचं पाणी चोख होतं, नाकानंच सांगितलं.
पण कोंगारी डॉक्टरीण फोनवर म्हणाली,
"पाण्याचं सोडा हो, ते धुतलेलं असतं.
हवा कोण धुतंय?
आणि पोरांपेक्षा बाकावरच्या आईबापांना भ्या,
तासभर मांडीला मांडी लावून
कुणाचं कुठं जमलं ते बोलत बसतात."

मग मी पुन्हा गेलो, भांडायला म्हणा.
एका वेळी सहाच पोरं.
बाकं दोरीनं बांधा.
कपडे बदलायची खोली बंद.
आणि रस्त्याकडचं शटर पूर्ण वर.
"कुत्री येतात आत," सर म्हणाले.
येऊ द्या. कुत्र्यांचं बघू.

मंगळवार आणि शुक्रवार.
फ्रॉकच्या आत पोहण्याचा ड्रेस घालून ती मागं बसते.
येताना ओलीच, अंगाला आमचाच टॉवेल,
काठ वाकडा विणला म्हणून कंपनीनं नाकारलेला.
अशोक चौक येईतो केस वाळलेले असतात.
मी आत जात नाही.
शटरबाहेर, उन्हात,
पानवाल्याच्या खोक्याशेजारी उभा राहून
सहा डोक्यांतलं एक शोधत राहतो.

प्रत्येक तासानंतर चौदा दिवस मोजायचे.
मंगळवारचे चौदा संपायच्या आत शुक्रवारचे चालू,
त्यावर पुन्हा मंगळवार.
ताण्यात बाणा अडकावा तसे ते एकमेकांत अडकत जातात,
आणि कापड कुठं कापायचं
ते मला कळत नाही.
पोरगी साधी शिंकली तरी विजया माझ्याकडं बघते.
बोलत नाही.

बरोबर केलं का मी?
मल्लेशमला विचारावं तर तो हो म्हणेल.
सासऱ्यांना विचारायची हिंमत होत नाही.

काल अडीचला नळ आला.
घागरी, पिंप, पातेली भरून झाली.
स्रवंती डोळे चोळत उठली,
"नाना, बघा," म्हणाली, आणि भरल्या बादलीत तोंड घातलं.
बुडबुडे आले.
"पाण्यात सोडायचा, वर आलं की घ्यायचा, सर सांगतात,"
असं ती नंतर म्हणाली.
तेवढ्या वेळात मी अकरापर्यंत मोजलं होतं,
आणि विजया, हातात तांब्या,
चौदापर्यंत.

पिल्लं अजून उडालेली नाहीत.