पांढरा शर्ट

फ्लॅश तोंडावर मारायचा नसतो, बिडवेमामा सांगत.
छताला बोलायचं, माणसानं ऐकायचं.
लेकी बोले, सुने लागे.

पण ग्वाल्हेरला, लष्करातल्या त्या कार्यालयाचं छत
मालकानं नुकतंच पोपटी रंगवलेलं.
पहिल्याच फोटोत नवरीची आत्या
कैरीसारखी हिरवी.
मामांनी स्क्रीन अंगठ्यानं झाकली,
आत्याबाई बघायला येत होत्या.
मग माझ्याकडे वळले.
"शर्ट आजच धुतलायस ना? ये. भिंत हो."

दिवसभर मी भिंत.
श्वाससुद्धा बेतानं.
मामा फ्लॅशची मान मुरगाळून
माझ्या छातीवर उजेड फेकत,
तिथून तो मऊ होऊन
पाहुण्यांच्या गालांवर जाई.
हळदीच्या गडबडीत कुणीतरी
आपला हात माझ्या खिशाला पुसला.

अल्बममध्ये मी कुठेच नाही.
मजुरी चारशे, वर दोन जिलब्या.
पण हळदीनंतरची पानं जरा उजेडात धरून बघा,
सगळ्यांचा डावा गाल
किंचित पिवळा.
कॉम्प्युटरवर काढता आला असता तो रंग.
माउसवर बोट ठेवून मामा बराच वेळ बसले,
मग म्हणाले,
राहू दे रे,
लग्नघरचा आहे.