पुढील आदेश होईपर्यंत

समितीच्या दौऱ्यात माझी जागा शेवटच्या गाडीत,
मांडीवर वही, टोक केलेल्या चार पेन्सिली.
मी लघुलेखिका. मला मत नसतं.

रबाळ्याला, एमआयडीसीत, गोळ्यांच्या कारखान्यात
वॉचमनने सवयीने मनगट पुढे करायला सांगितलं
आणि मग स्वतःशीच हसला.
ताप मोजायची ती बंदूक आता
दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत अडकवलेली.

कॅन्टीनच्या फरशीवर पिवळे गोल, सहा-सहा फुटांवर,
पुसट.
बायका अजून त्यांतच उभ्या राहतात,
पुढे कुणी नसलं तरी.

भिंतीवर नोटीस, लॅमिनेट केलेली, कडांनी तांबूस:
साथीची परिस्थिती पाहता पाळी बारा तासांची राहील,
पुढील आदेश होईपर्यंत.

समितीप्रमुखांनी चष्मा पुसला.
हा आदेश सभागृहापुढे आला होता?
पटलावर ठेवला होता, साहेब.
चर्चा?
ठेवला होता, साहेब.

आमच्याकडे पटलावर ठेवणे म्हणजे
कागद टेबलाला टेकवणे आणि उचलणे.
आई डोळ्यातल्या मोतीबिंदूलाही पटलच म्हणायची.
शब्दाचा दोष नाही.

मग पॅकिंगमधल्या द्वारका मढवी उभ्या राहिल्या,
अकरा वर्षं नोकरी, टोपीत केस कोंबलेले.
"त्या वर्षी आम्हीच म्हणालो, थांबतो.
बारा काय, चौदा तास थांबलो.
घणसोलीत माझा दीर ह्याच गोळ्यांवर उठून बसला.
तेव्हाचं काही म्हणणं नाही.
पण पाहुणा गेला, साहेब,
आणि त्याचं अंथरूण अजून आमच्याच घरात.
हा पुढचा आदेश राहतो कुठे?
पत्ता द्या,
सुट्टीच्या दिवशी मी जाऊन बोलावून आणते."

(हशा)

असं मी कंसात टाकलं. कोण हसलं ते लिहायचं नसतं.
व्यवस्थापक म्हणाले, बाईंना विषय कळलेला नाही.
समितीप्रमुख म्हणाले, एवढं कामकाजातून काढा.
मग चहा. काजूची बिस्किटं.
सगळी मिळून बावीस मिनिटं.

अहवाल डिसेंबरात आला. शिफारस तेरावी:
मुदत न घातलेल्या आदेशांबाबत
शासनाने उचित तो विचार करावा.
सभागृहात पुकारा झाला, अनुक्रमांक चार,
'ठेवला' लिहायला मला पेन्सिलीचा एक फटकारा पुरतो.

वहीतलं ते पान मी फाडलं नाही.
फाडायचं असतं.

त्या दिवशी निघताना त्यांनी मला गाठलं होतं,
हातात पाण्याचा जग.
"माझं काय लिहिलंत?"
दाखवलं: एक आकडी, एक वळण, वर टिंब.
"एवढुसं?"
"यात स्वर गाळतात," मी म्हटलं,
"वाचणाऱ्याने भरून घ्यायचे."

त्यांनी जगात बोट बुडवलं
आणि स्टीलच्या टेबलावर, वहीकडे बघत बघत,
ते वळण गिरवलं.
एकदा चुकलं. हाताने पुसून परत.

तेवढ्यात भोंगा झाला. तो अजून जुन्याच वेळेला होतो,
आठ तास भरले की.
कुणी जागचं हललं नाही.