डिसेंबरातला कूलर

फाल्गुनी, बस अशी. केस मांगं कर.
उद्या हिंगणा रोडच्या रेंजवर जाशीन
तं बूट चमकवशीन, बेल्ट चमकवशीन,
साऱ्या पोट्ट्या तेच करतेत.
कानाकडं कोनी पाहत नाई.

गोळीबार चौकात राह्यतो आपन.
लोकं हासतेत, म्हनतेत, पत्ता सोभते तुमाले.
तुह्या बापानं अठ्ठावीस वर्सं पोट्ट्यायले निशाना शिकवला:
श्वास अर्धा सोड, मंग बोट दाब.
सांजच्याले रिकाम्या केसा मोजाच्या.
एक कमी पडली तं उन्हात, गवतात रांगला तो,
अन् जमा करूनच उठला.
आवाजाचा हिशोब कोनी मांगितला नाई.
कानात कापूस घालाचा, बस.
कापूस! माह्याच डब्यातला, वातीचा.
त्यानं का रायफल थांबते?

डावा कान आधी गेला.
उजव्या खांद्याले बट लावला
का डावा कान नयीकडं राह्यते.
हे मले मेडिकलमंदी डागदरनं सांगतलं,
वीस वर्सं उशिरा.
त्या रातीपासून मी पलंगाची बाजू बदलली.

मंग अक्षरं गेले.
एकदम नाई. बारके बारके आधी.
स गेला, श गेला, फ गेला.
माहं नाव सुषमा,
त्याच्यापाशी पोचेस्तोवर उमा.
तुहं तं बिनडोक्याचं पोचते.
चिमन्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली,
तुरीची दाय जयली ते त्यानं वासानं ओयखली.

अन् मी मोठ्यानं बोलाले शिकली.
आता साऱ्या मोहल्ल्याले माहीत हाये
माहे गुडघे, तुह्या मामाचं कर्ज,
कोनाच्या पोरीचं कुठी मोडलं.
कजाग म्हनतेत मले. म्हनू दे.
पन जे गोष्ट हयूच बोलाची असते ना,
ते राहूनच गेली, पाह.

एक रात सांगतो.
डिसेंबरातली. रजईवर रजई.
तो उठून बसला. म्हने,
कूलर बंद कर ना व, झोप नाई लागत.
कूलर दिवाईच्या आधीच
पोत्यानं बांधून गच्चीवर ठेवला होता.
मी उठली. अंधारात भिताडावरचं एक बटन दाबलं,
कशाचं होतं कोन जाने.
म्हटलं, केला बंद.
तो आडवा झाला. डोये उघडे.
मले समजलं का त्याले समजलं.

म्हून आनले हे, बर्डीवरून, साठ रुपयाचे,
पाह, संत्र्याच्या रंगाचे.
दोन बोटात फिरव, वातीवानी बारीक कर.
दुसरा हात डोक्यामांगून घे,
कान वर ओढ, मंग घाल.
लगेच सोडू नको. आत फुगू दे. वीस मोज.
वरून ते मोठे कानटोपवाले लाव,
अन् क्लिप काढ केसाची, फट राह्यते तिच्यानं.
तुहा नंबर संपला तरी काढाचे नाई,
बाजूवालीची गोयी का तुहे कान पाहून सुटते?
कोनी भित्री म्हनलं
तं म्हन, या आमच्या घरी,
माह्या बापाले मांगून हाक मारून पाहा.

तो पाह, दारात उभा हाये.
एक शब्द पोचला नाई त्याच्यापाशी.
पन बोटं पाह त्याचे,
तुह्यासंगं फिरून राह्यले, रिकामेच.

घातले? दोन्ही?
आता मी हयू बोलतो.
.
.
नाई आलं ऐकू?
मंग बराबर बसले.
काढ आता.
काढ व, पाहू दे मले.

हां.
तुहे निघतेत.